आयोगाने शिफारस केली म्हणजे ध्रुव त्या देशाचा झाला असं नाही

तुम्ही लिहिलंय की रशिया, डेन्मार्क, कॅनडा तिघांचेही समुद्रतळावरचे दावे उत्तर ध्रुवापर्यंत जातात, प्रत्येक नकाशा वेगळंच दाखवतो आणि प्रोजेक्टमध्ये ध्रुव कुणाच्या रंगात रंगवायचा तेच कळेना. माझंही काम नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या तळावर त्या देशाचा हक्क असतोच, त्यापलीकडच्या तळावरचा दावा संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याखालचा एक आयोग तपासतो, हे तुम्हाला माहीत असणारच.

मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो नकाशे पुरवणाऱ्या एका ऑफिसने, नाव नको. हद्दीचे फक्त अक्षांश-रेखांश मागितले होते, किती दिवस दाद नाही, आणि शेवटी आला तो एक स्कॅन केलेला नकाशा, त्यात २०० मैलांच्या आतलं, नुसता दावा केलेलं आणि आयोगाने तपासलेलं सगळं एकाच रंगात! वर फोनवर ठासून सांगितलं की आयोगाने मान्य केलं की जागा त्या देशाची. आमच्या गाइडनी तेच प्रमाण मानलं आणि माझं अख्खं प्रकरण परत लिहायला लावलं. अजूनही संताप येतो.

हा आयोग २१ तज्ज्ञांचा आहे, तिथे कोर्टासारखा निवाडा होत नाही. ध्रुवाजवळून जाणारी समुद्रतळावरची लोमोनोसोव्ह पर्वतरांग त्या देशाच्या जमिनीचाच पाण्याखालचा भाग आहे का, एवढंच ते डेटावरून बघतात. रशियाला फेब्रुवारी २०२३ मध्ये बऱ्याच भागासाठी अनुकूल शिफारशी मिळाल्या, पण डेन्मार्कने २०१४ ला आणि कॅनडाने २०१९ ला त्याच रांगेवर दावा टाकलाय, आणि जिथे दावे एकमेकांवर चढतात तिथली सीमा त्या देशांनीच आपसात ठरवायची; सागरी कायद्याच्या कलम ७६ मध्येच लिहिलंय की त्या कलमामुळे देशादेशांमधल्या सीमेच्या प्रश्नाला बाधा येत नाही, आणि आपसात ठरवायचं ते कलम ८३ मध्ये आहे. नॉर्वे-रशियाने २०१० मध्ये बॅरेंट्स समुद्रात तेच केलं. २००७ ला रशियाने तळाशी टायटॅनियमचा झेंडा रोवला त्याला तर कायद्यात काडीचीही किंमत नाही.

मी वकील नाही, पण माझं ठाम मत, ध्रुव कुणाच्याच रंगात रंगवू नका, तिन्ही दावे आडव्या-तिरप्या रेघांनी एकावर एक दाखवा. आणि हक्क फक्त तळाचा आणि तळाखालचा आहे, २०० मैलांपलीकडचं पाणी खुला समुद्रच, तेव्हा तिथे मासेमारीची हद्द काढू नका.

अक्षांश-रेखांशासाठी कुणाच्या दारात जायची गरज नाही, प्रत्येक देशाच्या दाव्याचा सारांश आयोगाच्या साइटवर आहे, त्यात बिंदूंचे तक्ते मिळतात. आणि हो, मर्केटर प्रोजेक्शन घेऊ नका, त्यात ध्रुव येतच नाही, पोलर स्टिरिओग्राफिक घ्या, त्यात ध्रुव नकाशाच्या मधोमध येतो.