आजी आजोबांचं नाव का घेत नाही?

चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलनंतर तू विचारलंस की आजी आजोबांना नुसतं 'अहो' नाहीतर 'आमचे हे' का म्हणते, नाव घ्यायला काय होतं? अगं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं म्हणायचे जुन्या बायका, म्हणून घ्यायचंच झालं तर उखाण्यात, तेही चार जणी मागे लागल्यावर लाजत लाजत. मला उखाणे आवडतात, पण ती आयुष्याची भानगड अजिबात पटत नाही.

आणि नुसतं नवऱ्याचंच नाव नाही गं, कितीतरी बायका परक्या माणसाला स्वतःचंही नाव सांगत नसत. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ ला झाली, त्याआधी मतदार याद्या करायला माणसं घरोघरी फिरली, आणि दारातून उत्तर यायचं, अमक्याची बायको, तमक्याची आई. बरेच जण तसंच लिहून घ्यायचे. पण निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले चालणार नाही, मतदार म्हणजे ती बाई स्वतः, तिचं स्वतःचं नाव हवं. बिहारमध्ये मुदत वाढवून दिली, तरी शेवटी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली!! त्यातल्या बहुतेक आपल्याकडच्या नाही, उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या, पण म्हणून आपण फार शहाणे होतो असं नाही. मला आधी सेनचा रागच यायचा, ऐन वेळेला एवढं कडक कशाला, आता वाटतं बरोबर केलं, नाहीतर ते 'अमक्याची बायको' कायमचं चिकटलं असतं.

कारण त्याआधीचा प्रकार बघ. मुंबई इलाख्यात रमाबाई रानड्यांसारख्या बायका मताच्या हक्कासाठी झटल्या, १९२१ ला तो मिळाला, पण प्रॉपर्टी वगैरे अटी, म्हणजे मोजक्याच जणींना. मग १९३५ च्या कायद्यात बायका वाढल्या, पण कशा, तर नवऱ्याची प्रॉपर्टी पुरेशी असेल तर त्याची बायको म्हणून मत! सगळ्यांना सरसकट मत दिलं ते राज्यघटनेने, तेव्हा वय २१ होतं, १८ झालं १९८९ ला.

आता वर्गात कोणी 'इंडियात बायका मागे' म्हणालं तर एवढंच सांग की आपण राहतो त्या स्वित्झर्लंडमध्ये देशाच्या निवडणुकीत बायकांना मत मिळालं १९७१ ला, तेही पुरुषांनी मतदान करून दिलं म्हणून, आणि आपेनझेलच्या एका कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) तर तिथल्या स्थानिक मतदानात बायकांना घ्या म्हणून १९९० ला कोर्टाने भाग पाडलं.

आई