मे महिन्यातली सावली बघून सोलरची जागा ठरवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं कुणीतरी परत लिहिलंय असं वाटलं. पुण्यातला बंगला, गच्चीवर ३ किलोवॉटची सोलर पॅनेलं बसवायचीयत, नैऋत्येला जिन्याच्या खोलीवर पाण्याची टाकी. सोलरवाला म्हणतो, "सावली पडतच नाही, मी स्वतः भर दुपारी उभं राहून बघितलंय." तुम्ही पुठ्ठ्याची टाकी करून मोबाइलच्या टॉर्चनं पाहिलंत तर निम्मी पॅनेलं काळी. तुम्ही विचारताय, खरं कुणाचं? माझ्या मते दोघांचंही नाही.

किती किलोवॉट, कुठली बँक, नेट मीटरचा अर्ज, हे सगळं इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडतो. आधीच सांगतो, मी इंजिनीअर नाही. बँकेत खातेवह्या तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आकडा जुळला नाही की झोप लागत नाही, एवढीच माझी पात्रता.

आधी टॉर्च. टॉर्च वस्तूच्या जवळ असतो आणि त्याचा उजेड पसरत जातो. पुठ्ठा टॉर्चपासून ३० सेंटीमीटरवर आणि भिंत ६० वर असेल, तर सावली पुठ्ठ्याच्या दुप्पट पडणार. टॉर्च आणखी जवळ न्या, सावली आणखी फुगेल. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. तिथून येणारे किरण आपल्या गच्चीपुरते समांतरच धरायचे. म्हणजे उन्हात टाकीची सावली टाकीपेक्षा रुंद होत नाही. ती लांब होते, आणि किती लांब होणार हे सूर्य आकाशात किती वर आहे त्यावरच ठरतं. तेव्हा पुठ्ठ्याचा प्रयोग करायचाच असेल तर टॉर्च ठेवून द्या आणि तो पुठ्ठा उन्हात न्या.

आता तुमच्या सोलरवाल्याची भर दुपार. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमाराला थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात फोटो येतात तो हाच. त्या वेळी टाकीची सावली टाकीच्याच बुडाखाली असते. मेमध्ये गच्चीवर उभं राहून "कुठे आहे सावली?" म्हणायला काहीच लागत नाही. आमच्याकडे अगदी असंच झालं. माणूस मेमध्ये दुपारी आला, टोपी सरळ केली, चार फोटो काढले आणि अहवालात "जागा सावलीमुक्त" लिहून मोकळा झाला.

दिवाळीनंतर मोबाइलवरचा वीजनिर्मितीचा आलेख बघायला लागलो तर दुपारी तीनच्या पुढे वक्ररेषेला खाच. एरवी टेकडीसारखा गोल उतरणारा आलेख तिथे कडेलोट झाल्यासारखा खाली. ढग नाहीत, धूळ नाही, आणि खाच रोज त्याच वेळेला. गच्चीवर गेलो तर टाकीची सावली पॅनेलांच्या खालच्या कडेवर चढलेली.

सोलरवाल्याला फोन केला. "हिवाळ्यात ऊन कोवळंच असतं काका, पॅनेलं धुऊन बघा." धुतली. मग एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. खिडकीवर पहिला प्रश्न, "मीटर बंद आहे का? नाही ना? मग तक्रार कसली?" वेळेसकट काढलेले फोटो पुढे केले, तर अर्जात फोटो जोडायला रकानाच नाही. या टेबलावरून त्या टेबलावर करत पाहणीला माणूस आला तो होळी झाल्यावर. तोपर्यंत सूर्य वर सरकलेला, सावली आखडून टाकीपाशी गेलेली, आलेख गुळगुळीत. शेरा पडला, "त्रुटी आढळली नाही, तक्रार निकाली." पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अर्ज दिला तर म्हणाले, यावर आधीच निर्णय झालाय! मला सगळ्यात महाग हेच पडलं. एक अख्खा हिवाळा हकनाक वाया गेला.

सबसिडीबद्दल एक कडवट गोष्ट. ३ किलोवॉटला केंद्राच्या योजनेतून ७८,००० रुपये मिळतात, ते बसवलेल्या किलोवॉटवर. वीज किती तयार झाली त्यावर नाही. त्यामुळे बसवणाऱ्याला तुमच्या सावलीचं सोयरसुतक असेलच असं नाही. सगळे तसे नसतात, पण गृहीत धरू नका.

तुम्हाला लागणारे आकडे देतो. २१-२२ डिसेंबरला पुण्यात सूर्य सगळ्यात वर जातो तो साडेबाराला, पण तेव्हाही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. सावली उंचीच्या ०.९ पट, उत्तरेकडे. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला जवळजवळ दीडपट, चारला २.२ पट. सकाळची सावली वायव्येकडे, दुपारनंतरची ईशान्येकडे. वास्तुशास्त्रामुळे आपल्याकडे टाक्या नैऋत्येला असतात, म्हणून बहुतेकांची दुपार मारली जाते. नागपूरकर वाचत असतील तर त्यांच्याकडे डिसेंबरच्या भर दुपारीही सावली जवळपास उंचीएवढी असते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, सावलीही तशीच तिळातिळानं कमी होते. १४ जानेवारीला दुपारी ती अजून ०.८३ पट असतेच. म्हणजे दिवाळीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्रास धरून चाला.

उंची मोजताना गच्चीपासून मोजू नका, पॅनेलाच्या खालच्या कडेपासून मोजा. आमच्या टाकीचा माथा गच्चीपासून ४ मीटर वर, पॅनेलाची खालची कड १ मीटरवर, म्हणजे हिशेबाची उंची ३. डिसेंबरात तीन वाजता सावली साधारण सव्वाचार मीटर लांब, पण तिरकी. तिचा उत्तरेकडचा भाग ३.२ मीटर. टाकी आणि पॅनेलांत उत्तर-दक्षिण अंतर ३ मीटर. म्हणजे तीनला सावली नेमकी खालच्या कडेला शिवणार. कागदावर हे दहा मिनिटांचं काम होतं.

"कडेला जरा सावली आली तर काय होतं?" असं तुम्ही लिहिलंय. बरंच होतं. पॅनेलातले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक सावलीत गेला की त्याच्या गटाचा प्रवाह अडतो. साध्या पॅनेलात असे बहुधा ३ गट असतात. पॅनेल उभं (लांब बाजू वर-खाली) बसवलं असेल तर तळाची एकच ओळ सावलीत जाऊनही तिन्ही गट मार खातात. आडवं असेल तर एकच. नवीन हाफ-कट प्रकारात वरचा आणि खालचा अर्धा वेगळा चालतो, तिथे वरचा अर्धा वाचतो. प्रत्येक पॅनेलाला वेगळा छोटा इन्व्हर्टर (पॅनेलाची वीज घरात वापरण्याजोगी करणारा) लावला तर नुकसान त्या पॅनेलापुरतं राहतं, पण खर्च वाढतो. माझं मत विचाराल तर आधी जागा आणि उंची बघा, इलेक्ट्रॉनिक्स नंतर.

आम्ही शेवटी खिशातून पैसे घालून स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलांखालचा लोखंडी सांगाडा, १ मीटर उचललं. हिशेबाची उंची २ झाली, चार वाजेपर्यंतचा प्रश्न मिटला. तुम्ही उचलणार असाल तर वाऱ्याचा जोर एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या, हे माझ्या भरवशावर करू नका. आणि स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे मागा. नाहीतर सावली जाईल आणि पावसाळ्यात छत गळेल.

गच्चीवरून जाणाऱ्या टीव्ही डिशच्या केबलच्या सावलीची काळजी नको. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे वस्तूच्या जाडीच्या साधारण ११० पट अंतरावर गडद सावली संपते. १ सेंटीमीटरची केबल पॅनेलापासून दीड मीटर दूर असेल तर नुसती पुसट रेघ दिसेल. पारव्यांची घाण मात्र काचेलाच चिकटते, अंतर शून्य, ती खरवडून काढा.

पॅनेलांचं तोंड दक्षिणेकडे ठेवतात, पण ती दक्षिण दिशा मोबाइलच्या होकायंत्रानं ठरवू नका, लोखंडी स्ट्रक्चरजवळ तो काहीही दाखवतो. ओळंबा लावून काठी उभी करा. तिची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती उत्तर-दक्षिण रेषेत असते. मेच्या मध्यावर सावली जवळपास नाहीशीच होते आणि जून-जुलैतही ती फार आखूड असते, तेव्हा हे काम हिवाळ्यात केलेलं बरं.

सोलरवाल्याकडून लेखी घ्या: २१ डिसेंबरला सकाळी नऊ ते दुपारी चार सावली पडणार नाही, किंवा पडली तर किती. देत नसेल तर दुसरा बघा. टाकीची उंची, पॅनेलाच्या खालच्या कडेची उंची आणि दोन्हींतलं अंतर इथे टाका, मी गणित करून देतो. अंतर टाकीच्या मध्यापासून नको, पॅनेलाकडच्या कडेपासून मोजा.