लाईट गेली आणि लग्नाच्या फोटोंची डिस्क उघडेना

प्रश्न: माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. परवा रात्री लग्नाचे फोटो कार्डवरून 1 टीबी हार्ड डिस्कवर कॉपी करत होतो तेवढ्यात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली. विंडोज एसएसडीवर आहे ते चालू झालं, पण डी ड्राइव्ह उघडला की फॉरमॅट करा म्हणतंय. दोन सीझनचं काम आहे हो त्यात. काय करू?

उत्तर: दादा, फॉरमॅट अजिबात करू नका. पीसी बंद करा आणि त्या डिस्कची केबल काढून ठेवा. आणि हो, कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नसेल तर तेही बाजूला ठेवा, म्हणजे निदान हे लग्न तरी सुरक्षित आहे.

बाकीचे फोटोही बहुतेक तिथेच असणार. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीत, कुठली फाईल डिस्कवर कुठे आहे याची एक वही असते, एमएफटी म्हणतात तिला, आणि लाईट गेली तेव्हा ती किंवा पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या भागाच्या) सुरुवातीची माहिती, म्हणजे बूट सेक्टर, अर्धवट लिहिली गेली की विंडोजला काही कळत नाही, मग ते डिस्कला रॉ, म्हणजे न ओळखता येणारी, म्हणतं आणि फॉरमॅट मागतं. फोटोंना अजून कुणी हात लावलेला नसतो. म्हणूनच चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल, चालवू नका, ते त्याच डिस्कवर बदल करतं. माझ्या मामेभावाने चालवलं होतं, हाती आलं काय तर फाउंड नावाचं फोल्डर आणि त्यात नुसत्या नंबरांच्या सीएचके फाईली, पोराच्या बारशाचे फोटो शोधायला आम्ही दोन रविवार बसलो होतो.

आता डिस्क जोडायची ती कामाची सगळी तयारी झाल्यावरच, आणि कान देऊन ऐका. एकसारखी घरघर असेल तर ठीक. टक टक, थांबतेय, परत टक टक असं असेल तर हेडला (डिस्क वाचणाऱ्या भागाला) मार बसलाय, लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी लॅबमध्ये द्या. घरी झाकण उघडायचं नाही, फ्रीजरमध्ये पण ठेवायची नाही, कोणी कितीही सांगू दे.

आवाज नीट असेल तर तेवढ्याच किंवा मोठ्या रिकाम्या डिस्कवर आधी पूर्ण कॉपी घ्या. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमच्या) पेनड्राइव्हवरून पीसी चालू करून डीडीरेस्क्यू हे डिस्कची हुबेहूब कॉपी घेणारं टूल वापरा, फुकट आहे, फक्त कुठली जुनी आणि कुठली नवी हे दोनदा बघा, उलटं झालं तर सगळंच जाईल. मॅपफाईल, म्हणजे कुठवर कॉपी झालं त्याची नोंद, द्यायला विसरू नका आणि ती तिसऱ्याच पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मधे परत लाईट गेली तरी थांबलं तिथून पुढे सुरू होतं. खराब सेक्टर (डिस्कचे नीट न वाचता येणारे तुकडे) असले तर रात्रभर चालेल, चालू द्या.

मग जुनी डिस्क कपाटात, काम सगळं कॉपीवर. टेस्टडिस्क हे बिघडलेलं पार्टिशन परत आणणारं टूल लावा. एनटीएफएस बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, तीवरून बऱ्याचदा फोल्डरसकट सगळं परत दिसतं. नाहीच दिसलं तर त्याच्याच जोडीचं फोटोरेक, त्यात फोटो येतात पण फाईलींची नावं जातात, तारखेवरून लावत बसावं लागेल. निघालेले फोटो तिसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच कॉपीवर नको.