‘झापीन’ नव्हे हो, जापिन!

प्रश्न असा आला आहे: “मलेशियात जोहोर बाहरूला एका लग्नात ‘झापिन’ नावाचा नाच पाहिला. हा शब्द आपल्या झपतालाच्या नात्यातला का? आणि मराठीत लिहायचा कसा?”

झपतालाशी काडीचा संबंध नाही. आणि तो ‘झ’ आधी काढा. मराठीत ‘झापीन’ म्हटलं की कोणीतरी कोणाला तरी झापणार असतं, आणि हे लेखन वाचलं की मलाही तेच करावंसं वाटतं. मूळ उच्चारात ह-कार नाहीच. ‘जागा’, ‘जोर’ यांतला ज घ्या आणि ‘जापिन’ लिहा.

नाच येमेनमधल्या हद्रमौतच्या अरबांबरोबर मलाय मुलखात गेला, साथीला गांबुस हे तंतुवाद्य आणि मरवास हे छोटे दुतोंडी ढोल, पूर्वी फक्त पुरुष नाचत, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. शब्दाचं बोला. काही विद्वान तो ‘जफ्फा’, म्हणजे अरबी वरात, यावरून काढतात. लग्नात नाचतात, म्हणून वरात! मग शेवटचा ‘न’ काय अक्षता म्हणून पडला? अरबी धातू व्यंजनांवर उभा असतो. वरातीचा धातू ज-फ-फ, आपला ज-फ-न, अर्थ सरळ ‘नाचणे’. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या उक्ती-आठवणींच्या संकलनात, ईदच्या दिवशी मशिदीत हबशी आले ते काय करत होते हे सांगताना प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांच्या तोंडी हेच क्रियापद आहे. आणखी काय पुरावा हवा?

पण माझा जीव अडकलाय त्या ‘प’मध्ये. अरबीत प नाही, म्हणून ‘पार्स’चा ‘फार्स’ झाला आणि आपल्याकडे एकाच मुळातून पारशीही आले आणि फारसीही. उलट जुन्या मलायला फ जमत नसे. आपली ‘फिकीर’ ज्या ‘फिक्र’वरून आली त्याचं तिकडे ‘पिकिर’ झालं (अर्थ: विचार करणे), ‘कफन’चं ‘कापान’, आणि आपल्या ‘फसली’ सालातल्या ‘फस्ल’चं ‘पासाल’, म्हणजे कायद्यातलं कलम. अरबांनी प पळवला, मलायांनी तो परत आणला; फिटंफाट! माझा तर कयास असा की ज्या शब्दात प टिकला तो पोथीतून न येता कानावाटे आला. ‘फिकिर’ असं शुद्ध रूप शिकलेल्यांनी मलायमध्ये पुन्हा रुजवलं. ‘जापिन’ला कोणी हात लावला नाही, कारण तो मांडवात पायांनी शिकलेला शब्द. कोशकारांना हे पटत नसेल तर न पटो.

हां, बोर्निओत ‘जीव’मधला ज लावून ‘जापिन’, ‘जेपेन’ म्हणतात. तेही चालेल. झ तेवढा नको.

जाता जाता: हद्रमौतचेच अरब निजामाच्या फौजेतही आले. मराठवाड्यातले चाऊस त्यांचे वंशज. ‘चाऊस’ शब्द मात्र अरबी नाही, तुर्की आहे; फौजेतला हुद्दा.