आजीशी ‘बोल ना’ असं म्हणू नका

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बावीस महिन्यांचा, सहा-सात शब्द बोलतो, त्यातले चार इंग्रजी. पाळणाघरातून सांगितलंय, घरी एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतंय. इकडे नाशिकला, पंचवटीत, आजी-आजोबा रोज व्हिडिओ कॉलची वाट बघतात आणि मुलगा फोन दिसला की पळ काढतो. ‘मराठी थांबवू का?’ असं त्यांनी विचारलंय.

नका थांबवू. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं, हा समज चुकीचा आहे. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. ‘मम्मं’, ‘भू’, ‘माऊ’ हेसुद्धा धरायचे, ठरावीक गोष्टीलाच म्हणत असेल तर. मात्र दोन वर्षांच्या आसपास मुलांकडे साधारण पन्नास शब्द असतात आणि ‘बाबा ये’सारखी दोन शब्दांची जोडी जमायला लागते. तुमच्या बाळाची बेरीज दोन्ही भाषा धरूनही कमी आहे, म्हणून त्याचे कान आत्ताच तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टनाही दाखवा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका. आणि थेरपी लागलीच, तरी घरातली मराठी चालूच ठेवायची.

आता आजीच्या फोनबद्दल. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. वर्षाच्या आतबाहेर पोचलेल्यांना बहुतेक कळेनासा झाला. जे कानावर पडत नाही, ते कान सोडून देतात. पुढे 2003 साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेचे ध्वनी शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. म्हणून बडबडगीतांचे व्हिडिओ लावून मराठी येईल या भरवशावर राहू नका. आजी मात्र त्या व्हिडिओसारखी नाही. बाळ हसलं की ती हसते, त्याने बोट दाखवलं की ‘अगंबाई, चेंडू का?’ म्हणते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉलला सूट देतात.

तरी मूल पळतं, कारण आपण त्याची परीक्षा घेतो. ‘बोल ना आजीशी. हे काय आहे सांग. नमस्कार कर.’ माझा नातू डब्लिनला असतो, त्याच्याशी मीही हेच करत होते. मग एका बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे इथल्या गोदाकाठच्या, बाजारातून मटार आणले आणि फोन डब्याला टेकवून सोलत बसले. त्याच्याशी काही बोललेच नाही. शेंग फुटली की ‘टच्च’, दाणे वाटीत पडले की ‘टप टप’. चौथ्या-पाचव्या शेंगेला तिकडून ‘टप’ आलं. पुढचा आठवडाभर त्याला फक्त ती वाटीच बघायची होती.

काम हातात असलं की भाषा आपोआप भरभरून येते. ‘मोठी वाटी, मोठा चमचा, मोठं ताट’ हे असं कानावर पडत गेलं की ‘तो, ती, ते’ मूल न शिकवता उचलतं. तो ‘मिल्क’ म्हणाला तर ‘मराठीत सांग’ असं अडवू नका. ‘हो, दूध हवंय? थांब, कोमट करते’ म्हणा आणि द्या. बोलल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. त्याला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपणच बोलून मोकळे होतो.

हिवाळ्यात तुमच्याकडे सकाळचे साडेसात होतात, तेव्हा नाशिकला संध्याकाळचे सहा वाजतात. म्हणजे त्याच्या दुधाची आणि आजींच्या भाजी निवडण्याची वेळ एकच. तेव्हा फोन लावा, ओट्यावर ठेवा. तुमच्याकडे शेंगा नसतील तर फ्रोजन मटार वाटीत काढून त्याच्यापुढे ठेवा.