टेस्ट वाढल्या म्हणून केसेस वाढल्या?

प्रश्न : सर, आमच्या घरच्या ग्रुपवर कोविडचा जुना वाद परत उकरून काढलाय. मेहुणे म्हणतात २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत केसेस वाढल्या त्या नुसत्या टेस्टिंग वाढवलं म्हणून, ट्रम्प बोलत होते तेच खरं. पुतणी म्हणते साफ थाप आहे. दोघांनी मला मध्ये घेतलंय. काय सांगू?

उत्तर : मेहुण्यांना आधी सांगा की तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणजे पुढचं ऐकून तरी घेतील.

बरोबर काय, तर शोधाल तितकं सापडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, पाठवलेल्या पहिल्या टेस्ट किट्समध्येच दोष निघाला, पुढे मार्चमध्येही किट पुरत नव्हते, त्यामुळे जो अगदी आजारी पडलाय त्याचीच टेस्ट व्हायची आणि बाकीचे घरी खोकत बसले ते कुठल्याच आकड्यात आले नाहीत. जूनपर्यंत रोज लाखोंनी टेस्ट व्हायला लागल्या. मग मार्चचा आकडा आणि जूनचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा किती वाढलं असं ओरडणं चुकीचंच, आणि तेव्हा ट्रम्पविरोधी मंडळींनीही हे भरपूर केलं, पुतणीला हेही सांगा.

पण ट्रम्प एवढ्यावर थांबले नाहीत ना. २० जून २०२० ला ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात प्रचारसभेत ते म्हणाले की एवढ्या टेस्ट केल्या की केसेस निघणारच, म्हणून मी माझ्या माणसांना सांगितलं जरा हळू घ्या. व्हाइट हाउसवाले म्हणाले गंमत होती ती, आणि दोन-तीन दिवसांनी ट्रम्प स्वतःच म्हणाले मी गंमत करत नसतो. असो.

आता कागद घ्या. सोमवारी १,००० लोक तपासले, ५० पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ५ टक्के. पुढच्या सोमवारी २,००० तपासले. रोग होता तेवढाच असेल तर १०० निघतील, खरं तर थोडे कमीच निघायला हवेत, कारण आधी फक्त ताप-खोकलावाले येत होते आणि टेस्ट वाढवल्यावर धडधाकट दिसणारेही रांगेत आले, त्यामुळे टक्का खाली सरकणार. पण २,००० मध्ये २४० निघाले तर? टेस्ट झाल्या दुप्पट आणि केसेस जवळजवळ पाचपट, टक्का ५ वरून १२ वर. दुप्पट टेस्टिंगचे म्हणून १०० तुम्ही मेहुण्यांना देऊन टाका, वरचे १४० कुठून आले ते त्यांनी सांगावं.

याला पॉझिटिव्हिटी रेट म्हणतात आणि सगळं भांडण या एका टक्क्यापाशी येऊन अडतं. निर्बंध उठवायच्या आधी हा टक्का दोन आठवडे ५ च्या खाली असावा असं डब्ल्यूएचओने मे २०२० मध्ये सांगितलं होतं. जूनमध्ये ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत टेस्टिंग वाढत होतं आणि टक्काही वाढत होता, ॲरिझोनात तर तो महिनाअखेर २० च्या आसपास गेला. म्हणजे जाळं मोठं केलं आणि तरी दर खेपेला मासे आधीपेक्षा दाट. ट्रम्प यांच्याच सरकारात टेस्टिंगचं काम बघणारे ॲडमिरल ब्रेट जिरॉयर यांनी जुलैच्या सुरुवातीला संसदेत सांगितलं की टेस्टिंगने जास्त सापडतात हे खरं, पण टक्का वाढतोय म्हणजे ही वाढ खरी आहे. आणि हॉस्पिटलच्या खाटा? त्याही भरत होत्या, आणि नाकात काडी घातली म्हणून कोणी आयसीयूत जात नाही. २६ जूनला टेक्सासच्या गव्हर्नरने बार बंद केले, त्याच दिवशी फ्लोरिडाने बारमध्ये बसून पिणं थांबवलं, आणि दोन्हीकडे सत्ता ट्रम्प यांच्याच पक्षाची, मग नुसत्या कागदावरच्या वाढीसाठी त्यांनी स्वतःच्या मतदारांचा रोष कशाला ओढवून घेतला असता?

पण नुसत्या मोजणीने आकडा उडाला असं कधी होतच नाही, असं मात्र पुतणीने समजू नये. १२ फेब्रुवारी २०२० चा चीनच्या हूबेई प्रांताचा आकडा बघा, एका दिवसात जवळपास १५,००० नव्या केसेस. त्या दिवशी तिथे साथीचा स्फोट झाला नव्हता, केसची व्याख्या बदलली होती, टेस्ट नसली तरी छातीचा स्कॅन आणि लक्षणं बघून डॉक्टरांनी ठरवलेले रुग्णही धरायला लागले आणि मागची बाकी एकदम वर आली.

इंग्लंडचा किस्सा तर मी क्लासमध्ये कायम सांगतो. लॅबकडून आलेले रिझल्ट तिथे एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटच्या फाइलमध्ये ओतत होते, त्या फॉरमॅटमध्ये एका शीटला ६५,५३६ च्या पुढे ओळीच नसतात, शीट भरली आणि पुढची माणसं गुपचूप गळून पडली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० मधल्या १५,८४१ केसेस अशा हरवल्या. चूक कळल्यावर त्या भरल्या तेव्हा रोजचा आकडा एकदम २२,९६१ झाला आणि लोक हादरले. खरा घोटाळा त्याच्या आधीच होऊन गेला होता, कारण आकडा शांत दिसत होता त्या आठवड्यात या हजारो लोकांच्या संपर्कात आलेल्यांना कोणी फोनच केला नव्हता.

प्रश्न : केसेस वाढत होत्या तेव्हा मृत्यू तर कमी होत होते. मग घाबरवायचाच उद्योग नव्हता का?

उत्तर : जूनपुरतं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त थोडं पुढे वाचा. १६ जूनला उपाध्यक्ष पेन्स यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की दुसरी लाट वगैरे काही नाही, आणि त्या दिवशी मृत्यूंचे आकडे खरंच उतरत होते. पण आज लागण झालेला माणूस दगावला तर साधारण तीन-चार आठवड्यांनी दगावतो, वर त्याची नोंद व्हायला आणखी दिवस जातात. शिवाय जूनमध्ये आधी तरुणांना लागण होत होती, त्यांच्याकडून ती आईवडील, आजीआजोबांपर्यंत पोचायला वेळ लागला. जुलैच्या शेवटी अमेरिकेत रोजचे मृत्यू परत हजारावर होते.

प्रश्न : मग जबाबदार कोण? प्रचारसभा, फ्लॉइड आंदोलनं की बार?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि याचंच उत्तर सगळ्यात कच्चं आहे. आकडा खरंच वाढतोय का हे टक्क्यावरून, खाटांवरून बऱ्यापैकी कळतं, पण कोणामुळे वाढला हे ठरवायचं तर एक कारण बाकीच्यांपासून सुटं करता आलं पाहिजे, आणि इथे कॅलेंडरच आडवं येतं. ॲरिझोनाचा घरी थांबण्याचा आदेश संपला १५ मेला. २५ मेला मेमोरियल डेची सुट्टी, त्याच दिवशी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू, त्यानंतर देशभर मोर्चे, जूनमध्ये दुकानं-बार उघडलेले, आणि २० जूनला टल्सा. सगळं पाच आठवड्यांत! एका पक्षाने मोर्चे धरले, दुसऱ्याने सभा धरल्या, आणि दोघांनीही समोरच्याच्या गर्दीचे फोटो फिरवले.

अर्थतज्ज्ञांनी मोर्चे झालेली शहरं तपासली तर तिथे मोर्चांमुळे ठळक वाढ दिसली नाही, त्यांचं म्हणणं मोर्चाच्या धास्तीने बाकीचे लोक घरात जास्त थांबले. यावर मोर्चेवाले खूश. मग ऑगस्टमध्ये साउथ डकोटा राज्यातल्या स्टर्जिस गावाला मोटरसायकलवाल्यांची मोठी जत्रा भरली, तिच्यामुळे अडीच लाखांहून जास्त केसेस झाल्या असा अंदाज एका पेपरमध्ये आला, आणि तेच लोक तो अंदाज शेअर करायला लागले, साथरोगतज्ज्ञ म्हणत होते की हा फुगवलेला वाटतो तरीसुद्धा. मला विचाराल तर बंद खोलीत, मास्क नसताना, मोठ्याने बोलत तासभर बसणं हे उघड्यावर चालण्यापेक्षा जास्त धोक्याचं, एवढं मी छातीठोक सांगेन. त्या हिशोबाने बार वर येतात आणि टल्साची सभाही, कारण ती बंद हॉलमध्ये होती. पण अमुक हजार केसेस अमुक गर्दीच्या खात्यावर अशी वाटणी कोणी करून दाखवली तर मी आधी पद्धत विचारतो, मग तो माझ्या पक्षाचा असला तरी.

प्रश्न : एवढं भांडण होत असेल तर आकडे जाहीर करूच नयेत, नाही का?

उत्तर : करून बघितलंय की एका देशाने. मे २०२० मध्ये टांझानियाचे अध्यक्ष मागुफुली, जे स्वतः रसायनशास्त्राचे डॉक्टरेट, त्यांनी सांगितलं की आम्ही शेळीचे आणि पपईचे नमुने माणसांची नावं लावून गुपचूप लॅबला पाठवले आणि ते पॉझिटिव्ह आले. लॅबच्या प्रमुखांना निलंबित केलं, आकडे बंद. देशाचा आकडा तेव्हा ५०९ होता, आणि वर्षभराने मागुफुली हयात नव्हते तरी जगाच्या तक्त्यात टांझानियासमोर ५०९ च होते.