जन्मठेपेतली 'ठेप' कुठली?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला भेटणाऱ्या एका मित्रानं विचारलंय, "बॉम्बस्फोट करणाऱ्याला जन्मठेप देत्यात आणि 14 वर्षांत सोडत्यात, एवढी सौम्य शिक्षा, मग तिला जन्मठेप कशाला म्हणायचं? आणि ही ठेप म्हणजे काय?"

भावा, आधी ते 14 वर्षांचं डोक्यातनं काढ. चहाच्या गाड्यापासून टीव्हीपर्यंत सगळे हेच ठोकून देतात, ऐकून ऐकून डोकं उठलंय. 1961 सालीच सुप्रीम कोर्टानं गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सांगितलंय की जन्मठेप म्हणजे जिवंत असेपर्यंत. 14 चा आकडा आहे तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 1978 च्या दुरुस्तीत, आणि त्यात एवढंच आहे की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकारनं सूट द्यायची म्हटली तरी 14 वर्षांच्या आत सोडता येत नाही. ती सुटकेची तारीख नव्हे.

आता ठेप. जन्माचं सोपं आहे, 'जन्मभर' मधला जन्म, बारशाचा नव्हे. पण ठेप आपल्या रोजच्या 'ठेपणे' मधली आहे आणि कोल्हापूरकराला हे सांगावं लागू नये! दर पावसाळ्यात आपण काय म्हणतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर येऊन ठेपलं. 39 ही इशारा पातळी, 43 धोका पातळी. हे ठेपणं म्हणजे नुसतं येणं नाही, इंचाइंचानं चढत जाऊन रेषेला भिडणं. परीक्षा येऊन ठेपली म्हणजे मधे जागाच उरली नाही. तशी जन्मठेप, जन्म सरत सरत जिथं शेवटाला ठेपतो तिथपर्यंत. 'आजन्म' मधला 'आ' हेच काम करतो, पण तो कागदावरचा, ठेपेत ती रेषा डोळ्यांना दिसते, मला हा शब्द त्यासाठीच लई आवडतो.

आमच्या ओळखीचे मराठीचे एक निवृत्त मास्तर ठासून सांगतात की ठेप म्हणजे ठेव, जन्मभर तुरुंगात ठेवायचं म्हणून जन्मठेप. मास्तर, दीपाचा दिवा झाला, 'स्थाप' वरनं ठेवणं आलं, प चा व होतो हे तुम्हीच शिकवलंत, मग हितंच व चा परत प कसा झाला? आणि ठेव तर परत न्यायची असते, हितं परत न्यायचं काय आहे? मला हे अजिबात पटत नाही.

दुसरा राग 'मरेपर्यंत जन्मठेप' या हेडिंगवर. पिवळं पितांबर! यावर एका पत्रकारानं सांगितलं की 2008 पासून सुप्रीम कोर्ट सूट न देता आयुष्यभर आत ठेवायची शिक्षाही देतं, ती वेगळी दाखवायला 'मरेपर्यंत' लागतं. मग 'बिनसुटीची जन्मठेप' लिहा की, फरक सुटीत आहे, मरणात नाही.

हां, सौम्यचं राहिलंच. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 16 मध्ये दहशतवादी कृत्यात माणसं मेली तर फाशी किंवा जन्मठेप, नाहीतर कमीत कमी 5 वर्षं ते जन्मठेप. याला सौम्य म्हणता येत नाही. आपल्या कळंबा जेलमध्येच 2024 साली 1993 च्या बॉम्बस्फोटातला एक कैदी जन्मठेप भोगत होता, मोज किती वर्षं झाली ती. माझ्या मते सौम्यपणा निकालाच्या उशिरात आहे, मार्च 1993 च्या त्या स्फोटांच्या शिक्षा 2006-07 ला सुनावल्या गेल्या.

याच स्फोटांतल्या अबू सालेमचं तू विचारणारच. त्याला पोर्तुगालकडून 2005 ला आणलं ते 25 वर्षांपेक्षा जास्त आत ठेवणार नाही असा शब्द देऊन, आणि 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो शब्द पाळावा लागेल. त्याची शिक्षा कोर्टाच्या कागदावर जन्मठेपेचीच आहे, भोगायची मात्र 25 वर्षं. बातमी देताना ही दोन्ही वाक्यं वेगवेगळी लिहा, '25 वर्षांची जन्मठेप' असं एकत्र कालवू नका.